टाके निघाल्यानंतर



१ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफ यांचा सण साजरा केला. सकाळच्या मिस्साला नेहमीपेक्षा अधिक गर्दी होती. अर्पणाच्या वेळी कुणी करवत आणली, कुणी थापी, कुणी विळा, कुणी शिवणाची कात्री. एकाने आपल्या रिक्षाची चावी वेदीसमोर ठेवली. आम्ही त्या सर्वांवर पवित्र पाणी शिंपडले. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा सण सुरू केला, तेव्हा कामगारांच्या दिवसाला नाझरेथच्या सुताराचे नाव मिळाले. त्या सकाळी आपल्या अवजारांना आशीर्वाद मिळाला. आज त्या अवजारांनी व यंत्रांनी जायबंदी केलेल्या हातांविषयी दोन शब्द बोलावेत असे आम्हांस वाटते.

यामागे एक कारण आहे, आणि ते सांगताना आम्हांला आमची एक चूकही कबूल करावी लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच धर्मग्रामातील एक तरुण वसई पूर्वेच्या एका गाळ्यात पॉवर प्रेसवर काम करीत होता. नाव सांगत नाही. मात्र ही हकीकत त्याच्या संमतीने सांगत आहोत. दिवसाची ड्युटी संपवून तो ओव्हरटाइमला थांबला होता. काम नगावर होते. प्रेसचा गार्ड काढून ठेवलेला होता, कारण गार्ड असला की हात आत-बाहेर करायला वेळ लागतो व नग कमी निघतात. रात्री दहाच्या सुमारास त्याने डायमधून पत्रा काढण्यासाठी हात आत घातला. पायडलवरून पाय उचललेला होता, तरी यंत्राने पुन्हा एक ठोका मारला. उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात गेलो. त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना केली, त्याला रुग्णाभ्यंगाचे साक्रामेंत दिले. त्याच्या आईला धीर दिला. बिल मालकाने भरले आहे असे कळले, तेव्हा त्याबद्दल देवाचे आभारही मानले. आम्ही समाधानाने बंगल्यावर परतलो. आपले काम झाले असे आम्हांस वाटले.

त्यानंतर पाच महिने आम्ही त्याच्या घरी गेलो नाही.

एका रविवारी तो मागच्या बाकावर दिसला. शांतीचे अभिवादन करताना सर्वांनी हात जोडले. त्याने फक्त मान हलवली. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत तो आला तेव्हा त्याचा उजवा हात पँटच्या खिशात होता. पूर्वी तो हातावर प्रसाद घेत असे, त्या दिवशी त्याने तोंड उघडले. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी आम्हांला त्याचा अर्थ समजला आणि संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो.

तीन आठवड्यांनी टाके निघाले होते. जखम छान भरली होती. डॉक्टरांनी हाताचे व्यायाम सांगितले होते, फिजिओथेरपीला पाठवले होते. तो दोनदा गेला. प्रत्येक खेपेला रिक्षाचे भाडे, तासभर रांग, आणि बोटे वाकवताना डोळ्यांतून पाणी काढणारी कळ. घरात पगार नव्हता. त्याने जाणे सोडून दिले. मग उरलेली दोन बोटे आणि अंगठाही आखडू लागले. रात्री नसलेल्या बोटांत ठणका उठे. बायको पहाटे उठून लोकांच्या घरी कामाला जाऊ लागली. आई म्हणे, पाहुणे आले की हात झाकून बस. गाळ्यात त्याची नोंदच नव्हती आणि ‘घरी पडलो असे सांग, म्हणजे बिलाचे आम्ही बघतो’ असे त्याला सांगण्यात आले होते. त्यानेही तसेच सांगितले होते.

तो रागावला नव्हता. तो एवढेच म्हणाला, “फादर, टाके निघाले त्या दिवसापासून मला कुणी काही विचारलंच नाही.”

बंधुभगिनींनो, त्या वाक्यात ‘कुणी’ म्हणजे आम्हीही होतो.

संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात एका वाळलेल्या हाताच्या माणसाविषयी सांगतो. ही घटना संत मत्तय व संत मार्क यांनीही लिहिली आहे. पण तो हात उजवा होता हे फक्त लूकने नोंदवले आहे. चौथ्या-पाचव्या शतकातील महान बायबल पंडित संत जेरोम यांनी मत्तयच्या शुभवर्तमानावर भाष्य लिहिताना एक जुनी परंपरा नमूद केली आहे. नाझरेथी पंथाच्या ख्रिस्ती लोकांजवळ असलेल्या एका शुभवर्तमानात हा मनुष्य गवंडी असल्याचे म्हटले होते. हाताच्या कष्टावर पोट भरणारा. आपल्याला लाजिरवाणेपणाने भीक मागावी लागू नये म्हणून बरे कर, अशी विनवणी तो येशूला करतो. हा मजकूर बायबलचा भाग नाही, पण ख्रिस्ती लोकांनी किती जुन्या काळापासून त्या वाळलेल्या हाताकडे कामगाराचा हात म्हणून पाहिले होते, हे त्यावरून कळते.

आता येशू काय करतो ते पाहू या. तो प्रथम त्या माणसाला उठून सर्वांच्या मध्ये उभे राहायला सांगतो. हात वाळलेला माणूस सभास्थानात कुठे बसत असेल? बहुधा भिंतीच्या कडेला, हात वस्त्रात झाकून. येशू बरे करण्याआधीच त्याला कोपऱ्यातून मध्ये आणतो. म्हणजे उपचाराची सुरुवात हातापासून होत नाही, त्या माणसाच्या जागेपासून होते.

मग येशू त्याला हात लांब करायला सांगतो. इथे थोडे थांबू या. येशू त्याचा हात धरत नाही, त्यावर माती लावत नाही, त्याला स्पर्श केल्याचेही लूक लिहीत नाही. जी एक गोष्ट त्या माणसाला जमत नाही, नेमकी तीच तो त्याला करायला सांगतो, आणि सर्वांसमक्ष करायला सांगतो. ज्यांनी कुणी आखडलेला सांधा पुन्हा हलवण्याचा व्यायाम केला असेल त्यांना यातील धैर्य समजेल. कृपा देवाची, पण हात लांब करण्याचे कष्ट त्या माणसाचे. देवाची कृपा आपल्या प्रयत्नाची जागा घेत नाही, ती त्या प्रयत्नाला बळ देते.

तिसरी गोष्ट सभास्थानातील इतर लोकांची. त्यांचे लक्ष हाताकडे नव्हतेच. शब्बाथाच्या दिवशी हे नियमात बसते की नाही, याकडे ते डोळे लावून बसले होते. मार्क लिहितो की त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे येशूला राग आला व दुःखही झाले. आपण त्या परुश्यांना हसतो. पण एखाद्याचे बोट गेल्यावर ‘चूक कुणाची, तो मोबाइलवर बोलत होता का, त्याने काही घेतले होते का’ अशी चर्चा आपण नाक्यावर करतो, तेव्हा आपणही त्याच बाकावर बसलेले असतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला हातावर एक धडा होता. ॲरिस्टॉटल हाताला सर्व हत्यारांचे हत्यार मानतो. संत थॉमस अक्विनास तोच विचार पुढे नेतात: देवाने बैलाला शिंगे दिली, वाघाला नखे दिली, माणसाला मात्र बुद्धी व हात दिले, आणि त्या दोहोंनी तो सर्व काही घडवतो. तेव्हा तो धडा आम्ही परीक्षेपुरता पाठ केला. त्या तरुणाच्या ओटीवर बसलो असताना तो पुन्हा आठवला. त्याच्या दोन बोटांबरोबर त्याचा पगार गेला, शर्टाचे बटण लावणे गेले, सही गेली, मुलीला कडेवर घेताना वाटणारा विश्वास गेला.

कायद्याने या नुकसानाचा हिशेब मांडला आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. त्यानुसार पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के कमी झाली असे धरावे, मधले बोट १२ टक्के, अंगठा ३० टक्के, एका हाताची दोन बोटे २० टक्के, चारही बोटे ५० टक्के. ही यादी वाचताना अंगावर काटा येतो, तरीही तिला आम्ही वाईट म्हणणार नाही. जिथे यादी नसते तिथे गरिबाच्या बोटाची किंमत मालकाच्या मर्जीवर ठरते. पण यादी बोटांची किंमत सांगते, माणसाची नाही. ‘तुझे २० टक्के गेले’ असे म्हटले तरी घरी बसलेला माणूस पूर्णच बसलेला असतो.

देवाच्या वचनात याहून जुना एक नियम आहे. निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात मोशेचे नियमशास्त्र सांगते की भांडणात एकाने दुसऱ्याला जखमी करून अंथरुणाला खिळवले, तर त्याने त्याच्या बुडालेल्या वेळेची भरपाई द्यावी आणि तो पूर्ण बरा होईपर्यंत त्याची काळजी घ्यावी. नियम भांडणाविषयी आहे, पण त्यातील न्याय पाहा. बुडालेला वेळ आणि पूर्ण बरे होणे, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. केवळ इस्पितळाचे बिल भरून ते देणे फिटत नाही. तसेच अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात नवीन घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे, म्हणजे कुणी पडून मेल्यास रक्तपाताचा दोष त्या घरावर येणार नाही. आपल्यापैकी ज्यांचे स्वतःचे गाळे आहेत त्यांना आम्ही प्रेमाने विचारतो: आपल्या प्रेसचा गार्ड जागेवर आहे का? तो गार्ड म्हणजे आपल्या धाब्याचा कठडा आहे. काढून कोपऱ्यात ठेवलेल्या गार्डचा हिशेब उद्या देवासमोर द्यावा लागेल.

ख्रिस्तसभेने हा विषय कधीच परका मानला नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या विश्वपत्रातून कामगारांची बाजू मांडली. आजचे पोप लिओ चौदावे यांनी २०२५ मध्ये नाव निवडताना त्याच पोपांची आठवण ठेवली. संत जॉन पॉल दुसरे तरुणपणी युद्धकाळात पोलंडमध्ये दगडाच्या खाणीत व नंतर रसायनाच्या कारखान्यात राबले होते. १९८१ साली त्यांनी श्रमावर ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’ हे विश्वपत्र लिहिले. त्यात अपंग व्यक्तींच्या कामासाठी एक स्वतंत्र भाग आहे. अपंग माणूस हा पूर्ण माणूस आहे आणि धडधाकट लोकांनाच कामाच्या जगात जागा देणे हा माणुसकीला न शोभणारा भेदभाव आहे, असा त्याचा आशय आहे.

या संदर्भात आम्हांला डॉ. पॉल ब्रँड यांची आठवण होते. ते कॅथलिक नव्हते, मिशनरी घराण्यातील प्रोटेस्टंट ख्रिस्ती होते. डॉक्टर होण्याआधी ते बांधकाम व सुतारकाम शिकले होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. बोटे सरळ झाली, हात उघडले. पण काही रुग्ण परत येऊन सांगू लागले की या हातांनी आता भीकही मिळत नाही आणि काम तर कुणी देतच नाही! डॉक्टरांना कळून चुकले की हात बरा झाला, माणूस अजून बरा व्हायचा आहे. म्हणून आवारातच ‘न्यू लाइफ सेंटर’ उभे राहिले. तिथे रुग्ण सुतारकाम व इतर कामे शिकत, बऱ्या झालेल्या हाताने अवजार कसे धरावे हे शिकत. आजार निराळा, पण आपल्या तरुणाची गोष्ट तीच नाही का?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. त्या प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात.

अपघात होताच जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे व हात वर उचलावा. हळद, कॉफी, चहाची पूड काहीही जखमेत भरू नये. तुटलेले बोट स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. रुग्णाबरोबर ते तातडीने मोठ्या इस्पितळात न्यावे. भाजल्यास वीस मिनिटे वाहते साधे पाणी. डोळ्यांत रसायन उडाल्यास आधी भरपूर पाण्याने डोळा धुवावा, मग दवाखाना.

इस्पितळात खरे सांगावे. कामावर झाले ते कामावर झाले. ‘घरी पडलो’ हे एक खोटे वाक्य माणसाचा जन्माचा हक्क घालवू शकते. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला राज्य कामगार विमा योजना, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो ती, लागू होते. तीत कामावरील दुखापतीचे संरक्षण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असते. उपचार मिळतात, काम करता येत नाही तोवर वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. जिथे ईएसआय नाही तिथे भरपाईची जबाबदारी मालकावर असते. १९२३ व १९४८ च्या जुन्या कायद्यांची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण हे मूळ तत्त्व कायम आहे. हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

आणि टाके निघाल्यानंतर उपचार थांबवू नयेत. हात नुसता गळ्यात बांधून ठेवला की सूज राहते व चांगली बोटेही आखडतात. फिजिओथेरपिस्ट सांगतील तसा व्यायाम रोज करावा. तुटलेल्या टोकाला स्पर्श सहन होत नसेल तर ते हळूहळू कापसाने, मग मऊ कापडाने चोळतात, नंतर तांदळाच्या भांड्यात हात फिरवायला देतात. नसलेले बोट दुखते हे वेड नाही. अनेकांना तसे होते, डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. कृत्रिम अवयव व व्यायाम यांसाठी तिथे मार्गदर्शन मिळते.

जे आज घरी पडून आहेत त्यांना एक आठवण देतो. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने एका शिपायाचा पाय मोडला. तोही एका अर्थी कामावरचाच अपघात. चुकीचे जुळलेले हाड पुन्हा मोडून बसवावे लागले. कित्येक महिने तो अंथरुणावर होता आणि पुढे जन्मभर लंगडला. पण त्याच महिन्यांत, हाती आलेली ख्रिस्तचरित्राची व संतचरित्रांची पुस्तके वाचताना, देवाने त्याला नवीन वाट दाखवली. तो शिपाई म्हणजे संत इग्नेशियस लोयोला. दुखापत देव पाठवतो असे आम्ही म्हणत नाही. काढलेला गार्ड देवाने काढला नव्हता. पण दुखापतीनंतरचे दिवस देवाविना रिकामे नसतात, हे मात्र आम्ही ठामपणे सांगतो.

येशूच्या दाखल्यातील शोमरोनी मनुष्य आपल्याला पुढचे शिकवतो. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. तिथे थांबला असता तरी आपण त्याला भला म्हटले असते. पण त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले. तो परत येणार होता! आम्ही पहिल्या दिवशीचे तेल घेऊन गेलो होतो, पण परत जायला विसरलो.

त्या संध्याकाळनंतर त्याच्या वाडीतील लहान ख्रिस्ती समूहाने एक साधी गोष्ट केली. तिघांनी वार वाटून घेतले आणि आठवड्यातून तीनदा त्याला स्कूटरवर बसवून फिजिओथेरपीला नेऊ लागले. एक निवृत्त शिक्षक त्याच्याबरोबर कागदपत्रे घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या चढले. तो दावा अजून चालू आहे. पहिले दोन महिने तो चिडचिड करी, एकदा तर स्कूटरवर बसायलाच तयार झाला नाही. तरी ती मुले दारात येत राहिली. पुढे आपल्याच एका बांधवाने त्याला आपल्या गाळ्यात माल तपासण्याचे व नोंदी ठेवण्याचे काम दिले. त्याच्या शेजारच्या बाकावर बिहारहून आलेला, अंगठा गेलेला एक मुलगा काम शिकतो आहे. तो आपल्या धर्माचा नाही, आपल्या गावचा नाही. शोमरोनी तरी कुठे आपल्या गावचा होता?

या वाड्यांत असे आणखी हात आहेत. खिशात, पदराखाली, टॉवेलखाली. २००३ पासून २८ एप्रिल हा दिवस जगभर कामावरील सुरक्षितता व आरोग्याचा दिवस म्हणून पाळला जातो. आपण तो दिवस एका भेटीने पाळू या, उशिरा का होईना. या आठवड्यात प्रत्येक समूहाने आपल्या वाडीतील एका तरी जखमी कामगाराच्या घरी जावे, आणि जखम कशी आहे असे विचारून उठू नये. घर कसे चालले आहे, व्यायामाला कोण नेते, काम मिळाले का, हे विचारावे. मग पुन्हा जावे.

यंदाच्या पास्काच्या जागरण विधीला तो तरुण आपल्या मुलीसह रांगेत उभा होता. समोर आला तेव्हा त्याने डावा तळहात पुढे केला आणि त्याच्याखाली उजवा, तीन बोटांचा. आम्ही ‘ख्रिस्तशरीर’ म्हणालो. त्याने ‘आमेन’ म्हटले आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने व अनामिकेने प्रसाद उचलून मुखात घातला. थोडा वेळ लागला. मागची रांग थांबली. कुणी घाई केली नाही.

चला, प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, तू सुताराच्या घरी वाढलास, तुझ्याही हातांना खिळ्यांच्या जखमा झाल्या आणि पुनरुत्थानानंतर त्या तू लपवल्या नाहीस. कामावर जखमी झालेल्या आमच्या बंधुभगिनींना आरोग्य, धीर व काम दे. मालकांना जबाबदारीची जाणीव दे. आणि आम्हां सर्वांना, तुझ्या मेंढपाळांना प्रथम, परत जाण्याची बुद्धी दे. आमेन.

आपले प्रभूमध्ये,
प्रमुख धर्मगुरू